संगणक-सल्ला : बॅकअपची फाईल चालली, बॅकअप मात्र गेला

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी बॅकअपविषयी आहेत. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. मासिकाची छपाई देवनागरीत असल्यामुळे आज्ञा उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. संगणकावर टंकताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत लिहाव्या लागतील.

प्रश्न : दारव्हा तालुक्यात माझे कृषी सेवा केंद्र आहे. बियाणे, खते, फवारणीची औषधे यांचा साठा आणि कास्तकारांची उधारी हे सर्व गेली ६ वर्षे संगणकावर आहे. एकूण माहिती ६०० एमबीच्या आसपास भरते. भाच्याने दोन वर्षांपूर्वी एक बॅच फाईल (संगणकाने ओळीने पाळायच्या आज्ञांची फाईल, म्हणजेच एक स्क्रिप्ट) करून डेस्कटॉपवर ठेवून दिली होती. दुकान बंद करताना तिच्यावर डबल क्लिक केले की डी ड्राइव्हवरील 'हिशेब' हा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरत असे. यंदा मे महिन्यात डी ड्राइव्हची डिस्क बिघडली. दुरुस्ती करणाऱ्याने नवी डिस्क बसवली, तिच्यावर 'हिशेब' याच नावाचा रिकामा फोल्डर करून दिला आणि जुनी माहिती बाहेरच्या डिस्कवरून आणून घ्या, असे सांगितले. मी सवयीने त्या बॅच फाईलवर डबल क्लिक केले. आता बाहेरच्या डिस्कवरचा फोल्डरही रिकामा दिसतो. भाच्याची फाईल चुकीची होती काय? आणि दिवाळीत कापूस विकल्यावर जी उधारी यायची आहे, तिची नोंद परत मिळेल काय?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तेथे वेळेला महत्त्व आहे. ती बाहेरची डिस्क संगणकापासून काढून ठेवावी आणि तिच्यावर एकही नवी फाईल लिहू नये. फाईल पुसली म्हणजे तिची नोंद जाते. तिच्यातील मजकूर मात्र त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर बहुधा तसाच राहतो. आपली बाहेरची डिस्क जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची असेल तर आशेला चांगली जागा आहे. ती एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपवरची डिस्क, असेल तर पुसलेली जागा डिस्क स्वतःच मोकळी करून टाकते आणि आशा बरीच कमी होते. विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीपासून पुढे मायक्रोसॉफ्टचे 'विंडोज फाईल रिकव्हरी' हे साधन त्यांच्या स्टोअरमधून विनामूल्य मिळते. ते संगणकाच्या सी ड्राइव्हवर बसवावे आणि सापडलेल्या फाईली त्या बाहेरच्या डिस्कवर न ठेवता तिसऱ्याच डिस्कवर उतरवाव्यात. हे साधन काळ्या खिडकीत आज्ञा टंकून चालवावे लागते. हात धजत नसेल तर अमरावती किंवा नागपूर येथे माहिती परत मिळवून देणाऱ्या एखाद्या जाणकाराकडे डिस्क न्यावी आणि काम सुरू करण्यापूर्वी खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. दुकानातील पावतीपुस्तकांच्या कार्बन प्रती शाबूत असतील तर त्याही आत्ताच एका जागी जमा कराव्यात.

आता भाच्याच्या फाईलविषयी. आपण पत्रासोबत तिची छापील प्रत पाठवली, हे फार बरे केले. त्या फाईलमध्ये एकच कामाची ओळ आहे : रोबोकॉपी ही आज्ञा, मूळ फोल्डरचा पत्ता, बाहेरच्या डिस्कवरील फोल्डरचा पत्ता आणि शेवटी स्लॅश एमआयआर. रोबोकॉपी हे चांगले साधन आहे. विंडोज व्हिस्टापासून ते प्रत्येक विंडोजमध्ये असतेच, वेगळे काही घ्यावे लागत नाही. एमआयआर ही तीन अक्षरे आरसा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची आहेत. या खुणेमुळे रोबोकॉपी उपफोल्डरांसह सर्व काही उतरवतेच, शिवाय मूळ जागी जे नाही ते नकलेच्या जागेवरून पुसूनही टाकते. मूळ फोल्डर अस्तित्वातच नसता तर रोबोकॉपी चूक दाखवून थांबली असती आणि आपली माहिती वाचली असती. दुरुस्ती करणाऱ्याने चांगल्या हेतूने त्याच नावाचा रिकामा फोल्डर केला आणि आरशाने रिकाम्या फोल्डरची तंतोतंत नक्कल केली. भाच्याची आज्ञा चुकीची नव्हती. तिला सावध राहायला कुणी शिकवले नव्हते, एवढेच.

आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. डिस्क बिघडली नसती तरी ही व्यवस्था अपुरीच ठरली असती. समजा, एखाद्या सायंकाळी आपल्या हातून एका गावाची अख्खी उधारी चुकून पुसली गेली आणि ते चार दिवसांनी ध्यानात आले, तर तोवर आरशातूनही ती चार वेळा पुसली गेलेली असेल. जी व्यवस्था कालची, परवाची आणि मागच्या पंधरवड्याची स्थिती वेगवेगळी राखते, तिलाच मी बॅकअप म्हणतो.

म्हणून नव्या फाईलमध्ये एमआयआर ठेवू नये, त्याऐवजी स्लॅश ई वापरावे. याने उपफोल्डरांसह सर्व काही उतरते, पुसले काहीच जात नाही. रोजची नक्कल त्या त्या दिवसाच्या तारखेच्या वेगळ्या फोल्डरमध्ये जावी. ६०० एमबीच्या हिशेबाने वर्षातले ३०० दिवस दुकान उघडे धरले तरी १८० जीबी होतात आणि १ टीबीच्या डिस्कवर ते सहज मावतात. जुने फोल्डर पुसण्याचे काम मी स्क्रिप्टकडे देतच नाही. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, स्वतः पाहून पुसावे. तारीख घेताना बॅच फाईलमधील 'डेट' या तयार शब्दावर विसंबू नये, कारण तो संगणकाच्या प्रादेशिक मांडणीप्रमाणे बदलतो आणि त्यात तिरकी रेघ आली तर त्या नावाचा फोल्डरच होत नाही. पॉवरशेल या विंडोजमधील आज्ञा चालवण्याच्या साधनाच्या 'गेट-डेट' कडून वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख मागून घ्यावी. या क्रमाने नावे दिली की फोल्डर आपोआप काळाच्या क्रमाने लागतात.

आपल्यावर जो प्रसंग आला तो टाळण्याची युक्ती अगदी साधी आहे. 'हिशेब' फोल्डरमध्ये एक छोटी मजकूर फाईल करून ठेवावी, तिचे नाव समजा 'मूळ-आहे'. बाहेरच्या डिस्कवरही अशीच एक फाईल ठेवावी, नाव 'नक्कल-डिस्क'. ही नावे रोमन अक्षरांतच द्यावीत, कारण बॅच फाईलमध्ये देवनागरी नावे लिहिली की पुष्कळदा अक्षरांचा घोळ होतो. स्क्रिप्टच्या पहिल्या दोन ओळींत 'इफ नॉट एक्झिस्ट' वापरून या दोन्ही खुणा जागेवर आहेत काय हे विचारावे आणि दोहोंपैकी एक जरी खूण सापडली नाही तर कशालाही हात न लावता इशारा दाखवून थांबायला सांगावे. नव्याने केलेल्या रिकाम्या फोल्डरमध्ये 'मूळ-आहे' ही फाईल असणारच नाही, म्हणून स्क्रिप्ट तिथेच थांबेल.

डिस्कवरची खूण का हवी, हे मी स्वतः शिकलो आहे. माझ्या जुन्या स्क्रिप्टमध्ये बाहेरच्या डिस्कचा पत्ता ई ड्राइव्ह असा पक्का लिहिलेला होता. घरात लग्न होते आणि पुतण्याने फोटोंचा पेन ड्राइव्ह आधी लावून ठेवला. ई हे अक्षर त्याला गेले आणि माझ्या डिस्कला एफ मिळाले. जवळजवळ तीन आठवडे माझे सारे लेख इमानेइतबारे त्या पेन ड्राइव्हवर उतरत राहिले आणि एके दिवशी पुतण्या तो खिशात घालून नागपूरला गेला. स्क्रिप्ट रोज 'काम झाले' असेच सांगत होती, आणि तिच्या दृष्टीने ते खोटेही नव्हते.

रोबोकॉपीच्या काही खोडी आपणांस ठाऊक असाव्यात. एखादी फाईल उघडी असल्यामुळे उतरवता आली नाही तर ती पुन्हा प्रयत्न करते, आणि काही सांगितले नसेल तर १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून. एका अडलेल्या फाईलसाठी हा हिशेब जवळपास ३४७ दिवसांचा होतो. म्हणून स्लॅश आर कोलन २ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन ५ अवश्य लिहावे. म्हणजे दोनदा प्रयत्न, मध्ये ५ सेकंद. पत्त्यात मोकळी जागा असेल तर पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत घालावा, पण अवतरण बंद होण्याच्या लगेच आधी उलटी तिरकी रेघ येऊ देऊ नये. तशी आली तर रोबोकॉपीला अवतरण बंद झाले असे वाटतच नाही आणि पुढचा सगळा मजकूर ती पत्त्यातच धरते. पहिल्यांदा चालवताना शेवटी स्लॅश एल जोडावे. मग प्रत्यक्षात काही न उतरवता ती काय काय करणार आहे याची यादी तेवढी दाखवते. ती यादी शांतपणे वाचून पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये.

काम संपल्यावर रोबोकॉपी एक आकडा परत देते. बहुतेक साधनांत ० म्हणजे यश आणि बाकी सर्व अपयश अशी रीत असते. येथे तसे नाही. ० म्हणजे नवीन उतरवण्यासारखे काही नव्हते, १ म्हणजे फाईली उतरल्या, आणि ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तरच काही उतरायचे राहिले असे समजावे. बॅच फाईलमध्ये 'इफ एररलेव्हल ८' असे लिहिले की त्याचा अर्थ ८ किंवा त्याहून अधिक असाच होतो, त्यामुळे तपासणीला एक ओळ पुरते. त्या ओळीपुढे ठळक इशारा आणि 'पॉज' ठेवावे, म्हणजे खिडकी आपोआप बंद होणार नाही. स्लॅश लॉग, मग अधिकचिन्ह आणि कोलन देऊन एका फाईलचे नाव लिहिले तर रोजची नोंद त्याच फाईलमध्ये खाली खाली जमा होत जाते.

रोजचा डबल क्लिकही टाळायचा असेल तर ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरवर काम सोपवता येते, मात्र आपल्याकडे दोन खुणा तपासाव्यात. ठरलेल्या वेळी वीज नसेल तर संगणक बंद असेल, म्हणून 'चुकलेली वेळ शक्य तितक्या लवकर भरून काढावी' या अर्थाच्या पर्यायावर खूण करावी. ती मुळात केलेली नसते. लॅपटॉप असेल तर 'विजेवर असतानाच सुरू करावे' ही खूण मुळातच केलेली असते, म्हणजे लाईन गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालू असूनही बॅकअप होत नाही, ती काढावी. वेळ रात्री दुकान बंद झाल्यानंतरची ठरवावी आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर त्याआधी बंद झालेले असावे, कारण उघड्या हिशेबाची नक्कल अर्धवट उतरण्याचा संभव असतो.

माहिती परत आणण्यासाठी मात्र स्क्रिप्ट करू नये. असे प्रसंग क्वचित येतात आणि त्या वेळी माणूस घाईत असतो, म्हणून ते काम हातानेच करावे. महिन्यातून एकदा मागच्या आठवड्यातील एखादा तारखेचा फोल्डर दुसऱ्या जागी उतरवून, त्यातून एका कास्तकाराचे खाते उघडून पाहावे आणि शेवटची बाकी पावतीशी ताडावी. हे केल्याशिवाय माझ्याकडे बॅकअप आहे असे मी तरी म्हणत नाही.

प्रश्न : आम्ही वडसा परिसरात झाडीपट्टीच्या नाटकांचे चित्रीकरण करतो. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की एकेका रात्रीच्या फाईली फार मोठ्या होतात. आमच्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स आहे आणि आर-सिंक ही नक्कल उतरवण्याची आज्ञा वापरून दोन डिस्कांवर नकला ठेवतो. कधी फोल्डरच्या आत फोल्डर तयार होतो, कधी मोठी फाईल उतरतच नाही. शिवाय रोजची वेगळी नक्कल ठेवण्याइतकी जागा आमच्याकडे नाही.

उत्तर : फोल्डरच्या आत फोल्डर होण्याचे कारण एका तिरक्या रेघेत आहे. आर-सिंकला मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर ती त्यातील मजकूर उतरवते. रेघ दिली नाही तर फोल्डरसह उतरवते. दोन्ही बरोबर आहे, पण स्क्रिप्टमध्ये एकदा ठरवले ते तसेच ठेवावे. प्रथम 'ड्राय-रन' या, काही न उतरवता नुसती यादी दाखवणाऱ्या पर्यायाने चालवून पाहावे, विशेषतः मूळ जागी नसलेले नकलेवरून पुसणारा 'डिलीट' हा पर्याय वापरत असाल तर. वरच्या उत्तरातील आरशाचा धोका येथेही तोच आहे.

मोठी फाईल न उतरण्याचे कारण बहुधा डिस्कची बांधणी (फॉरमॅट) हे असावे. फॅट-३२ या जुन्या बांधणीवर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावतच नाही आणि रात्रभराच्या नाटकाची फाईल त्यापुढे सहज जाते. नकलेची डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी-४ या बांधणीत बांधून घ्यावी. बांधताना तिच्यावरील सर्व काही जाते, म्हणून आधी ती दुसरीकडे रिकामी करावी.

जागेच्या अडचणीवर आर-सिंकमध्येच फार सुंदर उपाय आहे. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये आणलेल्या या साधनात 'लिंक-डेस्ट' नावाचा पर्याय आहे. आजची नक्कल करताना कालच्या नकलेचा पत्ता त्याला दिला की न बदललेल्या फाईली नव्याने न लिहिता कालच्याच फाईलला आणखी एक नाव दिले जाते. प्रत्येक तारखेचा फोल्डर उघडला तर पूर्ण दिसतो, जागा मात्र फक्त नव्या किंवा बदललेल्या फाईलींची लागते. चित्रीकरणाच्या फाईली एकदा झाल्या की बदलत नाहीत, त्यामुळे आपल्या कामाला हे नेमके बसते. अशी दुहेरी नावे फॅट-३२ किंवा एक्सफॅटवर चालत नाहीत. ईएक्सटी-४ सुचवण्याचे हेही एक कारण. एक गोष्ट मात्र विसरू नये : दहा तारखांच्या फोल्डरांत तीच फाईल दिसली तरी डिस्कवर ती एकच असते. डिस्क पडली तर दहाही जातात, म्हणून दुसरी डिस्क सोडू नये.

वेळापत्रकासाठी लिनक्समधील क्रॉन हे साधन वापरत असाल तर ठरल्या वेळी संगणक बंद असल्यास ती पाळी सरळ हुकते; नाटकाच्या दौऱ्यावर फिरणाऱ्या संगणकाला अ‍ॅनाक्रॉन अधिक उपयोगी पडतो, कारण हुकलेली पाळी तो संगणक सुरू झाल्यावर भरून काढतो. हंगाम संपल्यावर सर्व चित्रफितींची 'शा-२५६-सम' ने यादी करून ठेवावी; ही आज्ञा प्रत्येक फाईलच्या मजकुरावरून तिची एक ओळखखूण काढते. पुढच्या हंगामापूर्वी हीच यादी पुन्हा ताडली की पडून राहिलेल्या डिस्कवर कोणती फाईल बिघडली ते नाटक उघडून न पाहताही कळते.

प्रश्न : मी गावात सेवा केंद्र चालवतो. लोक दाखल्यांसाठी कागदपत्रे आणतात, त्यांचे स्कॅन माझ्याकडे जमा होतात. बाहेरची डिस्क कायम जोडलेली ठेवून दर तासाला बॅकअप होईल अशी स्क्रिप्ट लावली आहे. व्हायरसने फाईलींना कुलूप लावले तर ही व्यवस्था पुरेल काय?

उत्तर : पुरणार नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभर जो गोंधळ घातला, त्यात संगणकाला जोडलेल्या डिस्कांवरील फाईलींनाही कुलपे लागली. जी डिस्क स्क्रिप्टला दिसते ती विषाणूलाही दिसते. शिवाय आपली दर तासाची स्क्रिप्ट कुलूप लागलेल्या फाईली चांगल्या नकलांवर तत्परतेने उतरवून मोकळी होईल. दोन डिस्का घ्याव्यात, एक दिवसाआड आलटून पालटून जोडाव्यात, आणि बॅकअप संपला की डिस्क सुरक्षितपणे काढून घरी न्यावी. स्क्रिप्टच्या शेवटी 'आता डिस्क काढा' असा संदेश ठेवला तर उपयोग होतो. ग्राहकांचे पेन ड्राइव्ह जेथे लावले जातात तो संगणक आणि बॅकअपचा संगणक वेगळा ठेवता आला तर उत्तमच.

आपण विचारले नाही, तरी सांगतो. लोकांच्या आधार कार्डांचे आणि सातबाऱ्याचे स्कॅन काम झाल्यावर जपून ठेवण्याची गरज काय, हा प्रश्न बॅकअपच्या आधी स्वतःला विचारावा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये केंद्राचा कायदा झाला आहे आणि माहिती गरजेपेक्षा अधिक काळ न ठेवणे हे त्याचे एक सूत्र आहे. जे ठेवणे भाग आहे ते फाईली एकत्र बांधणाऱ्या सेव्हन-झिप या साधनाने पासवर्ड घालून बंद करून मगच बाहेरच्या डिस्कवर न्यावे. तो पासवर्ड मात्र बॅच फाईलमध्ये लिहून ठेवू नये. ती फाईल नोटपॅडमध्ये उघडणाऱ्या कुणालाही तो दिसतो. प्रत्येक वेळी टंकावा, आणि कागदावर लिहून घरातील कपाटात ठेवावा.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. निकालपत्रके गुगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवते, ती आपोआप वर जातात. मग स्क्रिप्ट कशाला हवी?

उत्तर : ताई, ती सोय चांगली आहे आणि सोडू नये. फक्त इतके ध्यानात असू द्यावे की तोही एक आरसाच आहे : आपल्या संगणकावर पुसलेली फाईल तिकडूनही जाते आणि तिकडच्या कचरापेटीत ३० दिवसच राहते. एप्रिलमध्ये चुकून पुसलेले निकालपत्रक जूनमध्ये शाळा उघडल्यावर आठवले तर ते मिळणार नाही. विनामूल्य मिळणारी १५ जीबी जागाही मेल आणि फोटो यांच्याशी वाटून घ्यावी लागते. ती भरली की नव्या फाईली वर जाणे थांबते आणि तसा इशारा वाचायचा राहून गेला तर आपणांस कळत नाही. प्रत्येक सत्राच्या शेवटी तो फोल्डर तारखेच्या नावाने एका पेन ड्राइव्हवर उतरवावा. वर्षातून दोनदाच करायचे असल्याने स्क्रिप्ट नसली तरी चालेल. पेन ड्राइव्ह शाळेच्या टिनाच्या छपराखाली उन्हाळाभर पडू देऊ नये, घरी न्यावा, आणि सुटी लागण्यापूर्वी त्यातील एक निकालपत्रक दुसऱ्या कुणाच्या संगणकावर उघडून पाहावे.